लाल पट्टीच्या आत

आप्पा: मला क्रमाने समजू दे. जुना कॅमेरा दुकानात देऊन नवा घ्यायचा. अथवा जुना ठेवून त्याला हे लांब भिंग जोडायचे. दोहोंपैकी एकच.

मनी: एकच. आणि आज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत सांगायचं. नवा कॅमेरा एकच उरलाय आणि दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय. ही लेन्स दुकानदारकाकांनी काल नुसती बघायला म्हणून दिली आहे. ओरखडा पडला तर ती आपलीच.

आत्या: मग ते डबडं टेबलाच्या कडेवरून आत सरकव आधी.

आप्पा: डबडे म्हणू नये, ताई. ही काच घासताना कोणाचे तरी डोळे शिणले असतील. मी हात धुऊन आलो आहे, तरी तिला स्पर्श करताना संकोच वाटतो.

आत्या: तुला संकोच वाटतो, मला धडकी भरते. उद्या सकाळी ते धुराडं पाडणार, त्याचं बोला.

आप्पा: बंद कारखान्याचेच ना? आपल्या गॅलरीतून दिसते ते?

मनी: तेच.

आत्या: दिसतं कसलं, रोज कपडे वाळत घालताना नाकासमोर असतं. बिचारं एका जागी उभं आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मनी: झुकलंय ते, आत्या. आपणहून कोणाच्या डोक्यावर पडण्यापेक्षा सुरुंग लावून पाडलेलं बरं.

आत्या: पाडा की! पाडताना आमच्या पोरीनं समोर उभं राहून शूटिंग का करायचं, तेवढं मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

मनी: पाडणाऱ्या कंपनीला पुरावा लागतो. शेजारच्या घराला तडा गेला म्हणून कोणी भांडायला आलं तर दाखवावं लागतं. आणि कोणता सुरुंग उशिरा उडाला ते बघून इंजिनियर पुढचं काम आखतात.

आप्पा: ठीक. नव्या कॅमेऱ्यात असे काय आहे, जे जुन्यात नाही?

मनी: वेळ. म्हणजे असं बघा, पडायला लागलं की दोन-चार श्वासांत सगळं संपतं. नवा कॅमेरा तेच संथ करून दाखवतो. वीट विटेपासून कशी सुटते ते दिसतं. कंपनीचे साहेब म्हणालेत, असा कॅमेरा ज्याच्याकडे, त्याला वर्षभराचं काम. माझ्याकडे नसेल तर दुसरा माणूस तयारच आहे.

आप्पा: आणि भिंगाने काय साधेल?

मनी: लांब उभं राहता येईल.

आप्पा: आणखी?

मनी: एवढंच.

आप्पा: हे ‘एवढंच’ तू फार लवकर म्हणालीस, मने.

आत्या: लवकर का म्हणाली, ते मी सांगते. सकाळी चष्मा पुसायचं फडकं शोधायला तिच्या बॅगेच्या कप्प्यात हात घातला, तर हे निघालं. धर, मास्तर. जपून, बोट कापेल.

आप्पा: सिमेंटचा तुकडा आहे. एक बाजू अगदी सुरीसारखी.

मनी: आत्या, माझ्या बॅगेत हात कशाला घालतेस तू?

आत्या: ह्याच बॅगेचा पट्टा गेल्या महिन्यात दुपदरी दोऱ्यानं मी शिवला, म्हणून घालते. बसच्या दारात अडकला म्हणालीस. दाराला हात असतात का गं? कोणीतरी मागून हिसडा मारल्यासारखा मुळापासून उसवला होता तो. मी तेव्हाच ओळखलं. म्हटलं, सांगेल पोरगी आज ना उद्या.

आप्पा: मने, बैस.

मनी: बसलेलीच आहे, आप्पा.

आप्पा: मग मी बसतो. आता सांग.

मनी: तुम्ही मला कामच सोडायला सांगाल.

आप्पा: ते ऐकल्यानंतर ठरवू. माझ्या वर्गात उत्तर ऐकण्यापूर्वी कोणाला शिक्षा झाली नाही.

मनी: गेल्या महिन्यात ती उंच पाण्याची टाकी पाडली ना, तेव्हाचं आहे. टाकीला चार खांब होते. चारही एकदम उडायचे होते. एक मागे राहिला. त्यामुळे टाकी ठरल्या बाजूला न पडता फिरली.

आत्या: कुठे फिरली?

मनी: माझ्याकडे.

आत्या: अगं बाई.

आप्पा: ताई, तिला बोलू दे. तू पळालीस ना, मने?

मनी: नाही.

आप्पा: भयाने काही सुचले नसेल. असे होते.

मनी: तसं नाही, आप्पा. तसं असतं तर मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं असतं. मला भीती वाटलीच नाही. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघत होते. टाकी माझ्याकडे येते आहे हे दिसत होतं, पण आत ती अजून बाहुलीच्या घराएवढी होती. मी मनात म्हणाले, बरं झालं, आता फ्रेम भरेल.

आप्पा: फ्रेम भरेल.

मनी: मग मागून कोणीतरी माझी बॅग धरून ओढलं. सुरुंगवाले काका होते. मी त्यांच्यावर ओरडले, चित्र हललं म्हणून! खाली पडल्यावर डोळा काचेवरून निघाला, आणि तेव्हा दिसलं. ट्रायपॉडचा एक पाय नव्हता. हा तुकडा तिथेच मिळाला.

आत्या: आणि मी त्या दिवशी तुला जेवायला उशीर झाला म्हणून बोलले.

आप्पा: मला एक कळत नाही. डोळे उघडे असताना माणसाला जवळची वस्तू दूर कशी वाटेल? तू अजाण नाहीस. अंतर ओळखणे हा तुझा रोजचा व्यवसाय आहे.

मनी: बोलून नाही सांगता येणार. हा घ्या जुना कॅमेरा. पट्टा गळ्यात घाला आधी. आता इथे डोळा लावा. दुसरा मिटा.

आप्पा: हं. सर्व काही दिसते आहे. दोन्ही भिंती, छत, पलीकडचे दारही. विलक्षण आहे. एवढीशी खोली, पण सभागृह वाटते.

मनी: वाइड लेन्स म्हणतात हिला. मी वाढदिवस नि निरोप-समारंभ करायचे ना, लहान खोल्यांत सगळे पाहुणे मावावेत म्हणून घेतली होती. आत्या, तू दारात उभी राहा. हातात चहाचा कप असला तरी चालेल.

आत्या: माझं काय करणार आहात?

मनी: काही नाही. आप्पा, आत्या दिसते?

आप्पा: दिसते. बरीच दूर आहे. आणि आयुष्यात प्रथमच लहान दिसते आहे.

आत्या: बोलून घे. डोळा काढशीलच.

मनी: आता चालत जा तिच्याकडे. डोळा काढायचा नाही. हातभर अंतर राहिलं असं वाटलं की थांबायचं.

आप्पा: येतो. अजून दूर आहे. अजून आहे. ताई, हलू नकोस.

आत्या: मी कुठे हलते? तूच अंगावर येतो आहेस. अरे, थांब! मास्तर, अरे—

(कप फुटल्याचा आवाज.)

मनी: हलू नका, आप्पा! पायाशी काचा आहेत.

आप्पा: मी थांबणारच होतो. ती अजून चार पावले पुढे होती.

आत्या: चार पावलं? कॅमेऱ्याचं नाक माझ्या चष्म्याला लागलं! चहा सगळा साडीवर. आणि ही पोरगी बघतेय कॅमेऱ्याकडे. माझी विचारपूस करा आधी.

मनी: भाजलं का गं?

आत्या: गारच झाला होता. तुमच्या बोलण्यापुढे चहा कोणाचा गरम राहतो?

आप्पा: मने, हा कॅमेरा घे माझ्याकडून.

मनी: का? घाबरलात?

आप्पा: मला भय वाटले नाही, म्हणून. तिला आदळेपर्यंत मला किंचितही भय वाटले नाही. ही माझी थोरली बहीण होती म्हणून एका कपावर निभावले.

आत्या: आणि सेटातला. असो. तिथे काय फुटलं असतं, ते मी तोंडातून काढत नाही.

आप्पा: आता ते लांब भिंग लाव.

मनी: कशाला? राहू दे ना.

आप्पा: दोन वस्तूंतून एक निवडायची, तर दुसरीही पाहिली पाहिजे. लाव. ताई, तू झाडू आण. पण गॅलरीकडची वाट आधी मोकळी कर.

मनी: जड आहे ही. ट्रायपॉडवरच ठेवते. कठड्याला धरून उभे राहा. ही कडी हळूहळू फिरवा, चित्र स्वच्छ होईल.

आप्पा: काही दिसत नाही. नुसते तांबडे धुके आहे.

मनी: ते धुराडंच आहे. फिरवा अजून.

आप्पा: अरे!

आत्या: काय झालं? मागे का सरलास? माझ्या पायावर आलास!

आप्पा: क्षमा कर. ते माझ्या तोंडासमोर होते.

आत्या: कोण?

आप्पा: धुराडे. हात पुढे केला असता तर विटांचा खरखरीतपणा कळला असता. पुन्हा पाहतो. एक भेग आहे, मने, वरून खाली आलेली. तिच्यात एक झुडूप उगवले आहे. वाऱ्याने त्याचे पान हालते, तेही दिसते. एवढी मोठी वस्तू एवढ्या भेगेनिशी उभी आहे, आणि आम्ही रोज तिच्यासमोर निश्चिंतपणे चहा घेत होतो.

आत्या: मला नाही बघायचं. मला सांगूही नकोस.

आप्पा: खाली पिवळ्या टोप्या घातलेली माणसे पायाला छिद्रे पाडत आहेत. भोवती लाल पट्टी ताणली आहे. ती कशासाठी?

मनी: सुरुंग उडताना तिच्या आत कोणी यायचं नाही.

आप्पा: योग्य. मग पट्टीच्या आत, जमिनीवर, चुन्याने एक फुली काढली आहे. ती कशाची?

मनी: कुठे?

आप्पा: धुराड्याच्या उजवीकडे, विटांच्या ढिगाजवळ. आणि फुलीभोवती तीन ठिपके आहेत.

आत्या: मनी? कशाची फुली आहे ती?

मनी: माझ्या ट्रायपॉडची. ठिपके त्याच्या पायांचे.

आत्या: पट्टीच्या आत?

मनी: बाहेरून धुराडं काडेपेटीतल्या काडीएवढं दिसतं, आत्या. साहेबांनी आधीचं, लांबून केलेलं शूटिंग बघून तोंड वाकडं केलं होतं. काल जाऊन जागा ठरवून आले. तिथून पायापासून टोकापर्यंत बरोबर बसतं.

आप्पा: सुरुंगवाल्यांना हे ठाऊक आहे?

मनी: चिडले. साहेबांशी भांडले. शेवटी म्हणाले, हिच्या मागे उभा राहायला उद्या मी मोकळा नाही.

आप्पा: म्हणजे उद्या बॅग ओढायला कोणी नाही.

मनी: नाही.

आप्पा: आणि नवा कॅमेरा घेतलास, तर तो ह्याच फुलीवर उभा राहणार.

मनी: हो. त्याच्याबरोबर येते ती लेन्सपण अशीच वाइड आहे.

आप्पा: हे सर्व तुला आम्हांपेक्षा अधिक कळते. तरीही तुझा कल नव्या कॅमेऱ्याकडे आहे. केवळ वर्षभराच्या कामासाठी?

मनी: कामासाठी आहेच की. वर्षभर कोणाच्या वाढदिवसाला केक कापताना टिपायला लागणार नाही.

आप्पा: आणि?

मनी: आणि काही नाही.

आत्या: मास्तरांपुढे कधी टिकलीस का, ते आज टिकशील? सांगून टाक.

मनी: सकाळी तुम्ही दोघं उठायच्या आधी मी ह्याच लेन्समधून पाहिलं. ती भेग, ते झुडूप. तुम्ही मागे सरलात, मी खाली बसले. गॅलरीच्या फरशीवर. हात कापायला लागले ते थांबेनात. आप्पा, वाइडमधून पाहिलं की मला काही होत नाही. सगळं लहान असतं, आपलं वाटत नाही. मी कुठेही उभी राहू शकते. हिच्यातून पाहिलं की ते माझ्यावर येतं. हात कापले की चित्र हलतं, आणि ह्या लेन्समध्ये तर एवढंसं कापरंसुद्धा भूकंपासारखं दिसतं. चित्र हललं की काम गेलं. मग नुसती लेन्स घेऊन काय करू मी?

आप्पा: टाकीनंतर पुन्हा त्या वाइडमधून पाहिलेस, तेव्हाही काही झाले नाही?

मनी: काल फुली काढताना पाहिलं. काहीच झालं नाही. छान दिसत होतं.

आप्पा: मला त्याचेच भय वाटते.

आत्या: मी सांगते. तू जायचंच नाहीस. आजारी आहे म्हणून कळव. मी फोन करते तुझ्या साहेबाला.

आप्पा: ताई, ती जाणार. तिचे काम आहे. जाऊ नकोस असे माझ्याही ओठांवर चारदा आले आणि मी ते गिळले. मने, त्या फुलीखेरीज दुसरी जागा नाही? इथूनच, ह्या गॅलरीतून?

मनी: इथून समोरून दिसतं. साहेबांना बाजूनं पडताना हवं. पट्टीच्या बाहेर, त्या बाजूला, तुमच्या शाळेची गच्ची आहे तेवढी. पण तिथून ह्या लेन्सशिवाय काही दिसायचं नाही. आणि गच्चीला कुलूप असतं.

आप्पा: त्या गच्चीवर मी किती ग्रहणे दाखवली मुलांना. शिपायांना आत्ता जाऊन भेटतो. माझ्या शब्दासाठी ते सकाळी कुलूप उघडतील.

आत्या: पण गच्ची तरी धड आहे का? तिथे तुकडे नाही येणार?

मनी: येऊ शकतात. पट्टीच्या बाहेर काहीच येत नाही असं नसतं. सुरुंगवाले काका म्हणतात, कठड्याच्या मागे राहा आणि डोकं वर ठेवू नका.

आत्या: हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं.

मनी: आज लपवायचं नाही म्हणून सांगितलं.

आत्या: हलतं म्हणालीस ना चित्र? शेजाऱ्यांच्या वाढदिवसाला ते तंबूवाले आले होते, त्यांनी वाळूच्या पिशव्या टांगल्या होत्या खांबांना. जाड कापड आहे माझ्याकडे, पट्टा शिवला त्यातलं उरलेलं. तिपाईला टांगायला पिशवी शिवून देते. मग काप म्हणावं किती कापतेस ते.

मनी: आत्या, खरंच चालेल ते. कंपनीवाले पण तसंच करतात.

आत्या: मग आधी का नाही बोललीस? ह्या पोरीला नेमकं विचारायला हवं ते कधी सुचत नाही.

आप्पा: मने, निर्णय तुझा. वर्षाचे काम हातचे जाईल.

मनी: जाईल कदाचित. साहेबांनी चित्र बघून काय म्हणायचं ते म्हणू देत. थांबा, दुकानात फोन लावते. हॅलो, काका? मनी बोलतेय. कॅमेरा द्या त्या दुसऱ्यांना. हो, विचार करून सांगतेय. लेन्स ठेवते. नाही, ओरखडा नाही पडला, उगाच मनात आणू नका. संध्याकाळी येते.

आत्या: झालं?

मनी: झालं. भीती वाटतेय.

आत्या: मला कधीची वाटतेय, त्यात काय?

मनी: आणि आप्पा, वाळूची पिशवी चित्र धरेल. पण काचेला डोळा लावला की मला बाजूचं काही दिसत नाही. तुकडा आला तर कळायचं कसं?

आप्पा: मी येतो. तू भिंगातून पाहा. मी तुझ्यामागे, कठड्याच्या आड राहून, नुसत्या डोळ्यांनी पाहीन. बॅगेचा पट्टा माझ्या हातात असेल.

मनी: तुम्ही घाबराल.

आप्पा: घाबरेनच. म्हणून तर मला ने.

आत्या: शिवण पक्की आहे. मास्तर, ओढायचं तर जोर लावून ओढ. मी परत शिवीन.

मनी: तू येतेस का, आत्या?

आत्या: छे. मला नाही सोसायचं. मी इथेच बरी. गॅलरीचं दार लावून घेईन, आतल्या खोलीत बसेन. आवाज येईल ना इथपर्यंत?

मनी: येईल.

आत्या: आवाज झाला की मला फोन कर.

मनी: करते. धूळ खाली बसली की लगेच. तोवर काही दिसत नाही.

आत्या: हो, धूळ बसू दे. सावकाश कर.

मनी: बरं.

आत्या: नाही, थांब. धुळीतच कर.